टाकायची का ठेवायची

शिवाजीनगरच्या आमच्या वठारात नळावर जवळच्या वाटेने जायचं तर सुंदरक्काच्या पडवीतून वाकून जावं लागे. वठार म्हणजे एका अंगणाभोवती दहा-बारा बिऱ्हाडांची ओळ, बेंगळुरात तेव्हा अशीच घरं. त्या पडवीच्या तुळईला एक लोखंडी आकडा होता आणि त्याला कायम कुणाची तरी पेटी लटकत असे. कधी होल्डॉल, कधी पत्र्याची ट्रंक, कधी पलटणीतल्या शिपायाची किटबॅग. मी लग्न होऊन बेळगावाहून आले त्या पहिल्या सकाळी घागर कमरेवर घेऊन सरळ चालत गेले आणि कपाळावर टेंगूळ घेऊन परत आले. आतून आवाज आला, "कोण गं ती? पेटीला काही झालं नाही ना?"

ही आमची पहिली भेट. माझ्या कपाळाची चौकशी तिने नंतर केली. केली मात्र नीट. हळद उगाळून आणली, स्वतः लावली आणि म्हणाली, "बेळगावकरीण, इथे मान स्वल्प खाली घालून चालायचं. सासूसाठी नव्हे, माझ्या आकड्यासाठी."

सुंदरक्का शिंप्याच्या घरातली सून. तिचे सासरे दंडूत, म्हणजे कंटोन्मेंटात, पलटणीचे कपडे शिवायचे. नवरा रामोजीअण्णाही तेच करायचा. पण जाड काम, म्हणजे कॅन्व्हास, चामडं, पट्टे, बकला, ते सासऱ्यांनी मुलाला न शिकवता सुनेला शिकवलं होतं. का, ते तिचे हात बघितले की कळे. रामोजीअण्णाची बोटं लांब, मऊ, काजं करणारी. हिचे पंजे रुंद, अंगठ्याला दाभणाने पडलेला घट्टा. त्या घट्ट्यावर ती काडी ओढून स्टोव्ह पेटवायची असं मी पोरांना थाप मारून सांगत असे, आणि पोरांना ते खरं वाटे.

तिच्याकडे माणूस फाटकी पेटी घेऊन आला की ती पेटीकडे बघतच नसे. हातातलं काम चालू ठेवून तीन प्रश्न विचारायची. कुठे जाणार? गाडी कुठे बदलणार? परत कधी? एखादा घाईचा माणूस म्हणायचा, "अक्का, तुला काय करायचंय? मूठ तुटलीय, लावून दे." मग ती दाभण मेणात खोचून ठेवायची आणि म्हणायची, "म्हैसूरला जाऊन उद्या येणार असशील तर दोरीने बांधून देते, घरी जा. दिल्लीला जाणार असशील तर ही टाकून दे. मी प्रवास बघते. पेटी मग बघू."

आणि एकदा दुरुस्त केली की आकड्याला टांगायची. जेवढं सामान नेणार त्याच्या दीडपट वजन आत भरायचं. एक दिवस, एक रात्र. वजनाला तिच्या घरातला वरवंटा, दोन विटा, आणि रामोजीअण्णाची कोळशाची इस्त्री. म्हणजे सुंदरक्काच्या हातात काम असलं की रामोजीअण्णाचं काम अडायचं. तो बिचारा गिऱ्हाइकाला सांगत असे, "उद्या या. इस्त्री पेटीत आहे." दुसऱ्या दिवशी ती बोटाने प्रत्येक शिवण चाचपायची, कानडीत "आयतु" म्हणायची, म्हणजे झालं, आणि मगच पेटी खाली यायची. "आयतु" म्हणेपर्यंत ब्रह्मदेव आला तरी पेटी मिळत नसे.

एकदा साताऱ्याकडचा एक शिपाई आपल्या साहेबाची ट्रंक न्यायला आला. चांगला मिशाळ, उंच. "बाई, सायबाची गाडी चारला हाय. काढा खाली."

"उद्या सकाळी."

"उद्या? सायब मला उभा चिरंल! हुकूम हाय."

"तुझ्या साहेबाचा हुकूम पलटणीत. इथे नाही."

त्याने ऐकलं नाही. स्वतःच हात वर करून ट्रंक आकड्यावरून काढायला गेला, आणि त्याचा हात लागतो न लागतो तोच एका बाजूची कडी निसटून ट्रंक खाली! विटा, वरवंटा, इस्त्री, सगळं फरशीवर. शिपाई उडी मारून थेट तुळशीपाशी. मला वाटलं आता सुंदरक्का त्याच्यावर ओरडणार. तिने तोंडाला पदर लावला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "बघ, माझीच रिबीट कच्ची निघाली. बरं झालं, इथे पडली. तुझ्या डोक्यावरून स्टेशनात पडली असती तर मिशा सपाट झाल्या असत्या." मग त्याला ताक दिलं, समोर बसवलं आणि कडी नवी ठोकली. चूक आपली म्हणून नेम मोडून दीडच तास टांगली. शिपाई त्या दीड तासात ट्रंकेकडे असा बघत होता जसं काही ती पुन्हा त्याच्यावर धावून येणार आहे.

नव्या वस्तूंवरही तिचा विश्वास नसे. आमच्या वठारातले एक शाळामास्तर सासुरवाडीला धारवाडला जाण्यासाठी चकचकीत तपकिरी सुटकेस घेऊन आले, नुसती दाखवायला. तिने नखाने कोपरा खरवडला. "मास्तर, हा पुठ्ठा आहे. वरून रंग."

"अहो, दुकानदाराने चामडं म्हणून दिलंय!"

"मग दुकानदाराला घेऊन जा सासुरवाडीला."

मास्तर आठ दिवस बोलले नाहीत तिच्याशी. नवव्या दिवशी होल्डॉल मागायला आले.

हे सगळं हसण्यासारखं. पण बासष्ट साली चीनची लढाई सुरू झाली तेव्हा पलटणीतली पोरं रोज यायला लागली, दोन-दोन, चार-चार. एका कोवळ्या पोराला तिने सवयीने विचारलं, कुठे जाणार? तो म्हणाला, सांगायची परवानगी नाही. गाडी कुठे बदलणार? माहीत नाही. आणि तिच्या तोंडून तिसरा प्रश्न निघून गेला, "परत कधी?" पोरगा किटबॅगेची दोरी बोटाला गुंडाळत उभा राहिला. सुंदरक्काने मान खाली घातली आणि त्या बॅगेची शिवण एकावर एक अशी तीनदा मारली. गरज नव्हती, मला कळत होतं. त्या दिवसानंतर शिपायाला तिने तिसरा प्रश्न कधी विचारला नाही.

हा आकडा कुठून आला, हे मला वठारात येऊन वर्ष झाल्यावर शेजारच्या गौरम्माने सांगितलं. सुंदरक्काने नाही. तिने कधीच नाही.

रामोजीअण्णाची धाकटी बहीण तानूबाई. तिच्या लग्नात वडिलांनी तिला एक चामड्याची सुटकेस दिली होती. एका इंग्रज साहेबाच्या बंगल्यातल्या सामानाची विक्री झाली तेव्हा घेतलेली, पितळी कोपऱ्यांची, आत रेशमी अस्तर. सगळ्या नातेवाइकांत तिचं कौतुक. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तानूबाई पहिलटकरीण होती, सातवा महिना, आणि बाळंतपणाला आईकडे म्हैसूरला निघाली; आईवडील तेव्हा तिथे राहायला गेले होते. सुटकेसची मूठ सुटली होती. ती भावाच्या घरी आणून दिली. सुंदरक्का तेव्हा नवी सून, अठरा-एकोणीस वर्षांची. तिने मूठ शिवून दिली. स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्या चढताना तानूबाईचा नवरा सुटकेस घेऊन पुढे होता, ती मागे. मूठ निखळली. भरलेली सुटकेस घसरत आली ती थेट तिच्यावर. ती चार पायऱ्या खाली पडली. तानूबाई वाचली. मूल गेलं.

तेव्हापासून तुळईला आकडा होता, आणि तानूबाई वहिनीशी बोलत नव्हती. राहायला दूर नव्हती, हलसूरला, चालत जाण्यासारखं. पुढे दोन वर्षांनी तिला शांता झाली, ती एकच मुलगी. पण बारसं, जावळ, गौरी, कुठलंही कार्य असो, रामोजीअण्णा एकटा जायचा. सुंदरक्का त्याच्या धोतराच्या निऱ्या नीट करून द्यायची, नारळ पिशवीत घालून द्यायची आणि दारात उभी राहायची. वीस-एकवीस वर्षं.

आणि चौसष्ट साली, एका रविवारी सकाळी, तानूबाई आमच्या वठाराच्या दारातून आत आली. तिच्यामागे जटकेवाल्याच्या, म्हणजे टांगेवाल्याच्या, डोक्यावर ती सुटकेस.

मी नळावर होते. सगळ्या बायका नळावर होत्या. पाणी वाहून चाललं होतं आणि कोणी नळ बंद करत नव्हतं. तानूबाई अंगणातच थांबली. पडवीच्या पायरीला तिने पाय लावला नाही. उंच, सडसडीत बाई, कपाळावर मोठं कुंकू. वहिनीकडे बघितलंही नाही.

"अण्णा," ती भावाला म्हणाली, "शांताचं लग्न गुरुवारी. शुक्रवारी पोरगी निघणार. बाबांची पेटी तिच्याबरोबर जायला पाहिजे. आईची पेटी पोरीबरोबर जाते आपल्यात, तुला माहीत आहे. दोन ठिकाणी दाखवली. दोघे म्हणतात टाकून द्या. तिला विचार, तिने लावली होती मूठ, ती लावून देणार का नाही."

रामोजीअण्णा हातात कात्री घेऊन उभा. तो बायकोकडे वळला, जसं काही तिने ऐकलंच नव्हतं. "तानी विचारतेय..."

सुंदरक्का उठली होती. तिचा हात पडवीच्या खांबाला. "कुठे जाणार, विचारा."

"कुठे जाणार, तानी?"

"सोलापूर, म्हणावं."

"गाडी कुठे बदलणार?"

"गुंटकल."

गुंटकलला लहान रूळ संपून मोठा रूळ लागायचा. एका गाडीतलं सगळं सामान उतरवून, पूल चढून दुसऱ्या गाडीत. आम्ही बेंगळूरच्या बायका गुंटकलचं नाव काढलं की आधी सामान मोजायचो.

तिसरा प्रश्न सुंदरक्का विचारीना. रामोजीअण्णा वाट बघत होता. शेवटी तानूबाईच म्हणाली, अगदी सावकाश, "आणि परत कधी ते पण सांग तिला. पहिल्या खेपेला. माझ्याकडे. याच पेटीतून."

कोणीतरी नळ बंद केला तेव्हा त्याचा आवाज केवढा मोठा वाटला!

"ठेवा म्हणावं," सुंदरक्का म्हणाली. "मंगळवारी सकाळी सांगते."

त्या रविवारी तिने दुसऱ्या कशाला हात लावला नाही. मी भाकऱ्या करून दिल्या, त्या तशाच झाकून राहिल्या. तिने आधी चामड्याला एरंडेल चोळलं. तासभर चोळलं असेल. मग जुनी मूठ उसवली. ती मूठ हातात घेऊन एवढा वेळ बसली की मी न राहवून म्हटलं, "अक्का, दोरा ओवून देऊ का?"

"दे. दुहेरी दे. मेण जास्त लाव."

मी ओवून दिला. तिने नवी मूठ बसवली, आतून पट्टी दिली, प्रत्येक भोक आरीने पाडून दोन्हीकडून शिवलं. सोमवारी सकाळी आत वजन भरलं. इस्त्री, वरवंटा, दोन विटा, आणि मग थांबून अजून एक वीट. सुटकेस आकड्याला चढली. पितळी कोपरे तिने चिंचेने घासले होते. ती लखलखत होती.

सोमवारी वठारातली एकही बाई त्या पडवीतून गेली नाही. सगळ्या अंगणाला वळसा घालून नळावर जात होत्या. पोरांना गप्प केलं जात होतं. गौरम्मा देवाला हात जोडताना तिकडे बघत होती. रामोजीअण्णा मशीनवर बसला होता, पण एक शिवण मारली की मान वळवून वर बघायचा.

मंगळवारी सकाळी सुटकेस जागच्या जागी होती.

"राहिली की गं!" रामोजीअण्णा म्हणाला. त्याचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. डोळे भरून आले होते त्याचे. "राहिली! मी म्हणत होतो ना."

सुंदरक्का स्टुलावर चढली. नेहमीप्रमाणे शिवण बोटाने चाचपत गेली. एक बाजू झाली. दुसरी बाजू झाली. मग तिचं बोट थांबलं. ती डोळे बारीक करून बघत राहिली. मीही जवळ गेले. मला काही दिसलं नाही. तिने माझं बोट धरून तिथे लावलं. शिवणीच्या बाजूला, जिथे भोकं नव्हती तिथे, चामड्यावर केसाएवढी रेघ. शिवण शाबूत होती. चामडं उकलत होतं.

"आयतु?" रामोजीअण्णाने खालून विचारलं.

तिने त्याला जवळ यायची खूण केली.

त्याने पुढे येऊन टाचा उंचावून पाहिलं. मागे सरला. हलक्या आवाजात बोलू लागला, पण मी तिथेच होते. "अगं, हे कोणाला दिसतंय? वरून एक पट्टी मारू. गुंटकलपर्यंत जाईल, पुढे सासरी पोचल्यावर कोण उचलतंय तिला? तानी एवढ्या वर्षांनी दारात आली. आता नाही म्हणालीस तर ती परत कधी येणार? देऊन टाक. देऊन टाक, सुंदरा."

तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो मशीनवर जाऊन बसला. रागाने नाही बघितलं. अनोळखी माणसाकडे बघावं तसं.

तेवढ्यात तानूबाई आली. लग्नघरातून उठून आली होती, हाताला हळद होती. तिने आधी वर बघितलं. सुटकेस आकड्याला, पितळ चमकतंय. आणि बाई, काय सांगू, तिच्या त्या कोरड्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं. अजून पुरतं आलं नव्हतं. ओठाच्या एका कोपऱ्यात होतं.

सुंदरक्का स्टुलावरून उतरली. अंगणात गेली. रामोजीअण्णाला मधे न घेता, सरळ तिच्यासमोर.

"वन्सं, ही जाणार नाही. टाकून द्या."

हसू तिथेच थांबलं.

"शिवण राहिलीय," सुंदरक्का म्हणाली. "चामडं जुनं झालंय. आतून मेलंय. आज नाही तर गुंटकलला सुटेल. मी कितीही शिवलं तरी सुटेल."

मग तानूबाई वहिनीशी बोलली. एकवीस वर्षांनी, पहिल्यांदा.

"हे तेव्हा का नाही सांगितलंस?"

पडवीत मशीन चालू होतं. रामोजीअण्णा उगाच एका चिंधीवर शिवण मारत होता.

"तेव्हा कळत नव्हतं तुला? बोल ना. नवी होतीस, हात कच्चा होता, असं म्हणतात सगळे. मला पण तेच वाटत होतं. हात कच्चा होता का?"

"नाही," सुंदरक्का म्हणाली. "हात चांगला होता. मामंजींनी शिकवलेला होता."

"मग?"

"मग काय. मी गप्प बसले. बोलायला पाहिजे होतं. धीर झाला नाही."

मशीन थांबलं.

रामोजीअण्णा बाहेर आला. चष्मा कपाळावर, हातात ती चिंधी तशीच. "ती गप्प बसली नव्हती, तानी," तो म्हणाला. "ती बोलली होती. चामडं कुजलंय, ही देऊ नका, दुसरी पेटी आणा, असं दोनदा म्हणाली होती. मीच म्हणालो, बहिणीची पहिली खेप, बाबांनी दिलेली पेटी, भावाच्या घरून साधी मूठ लावून मिळाली नाही असं सासरचे म्हणतील. मीच म्हणालो, जमेल, देऊन टाक. हिच्या हातातून घेऊन मीच दिली तुला."

मी कुठे बघावं मला कळेना. सुंदरक्का नवऱ्याकडे बघत होती आणि मानेने नको, नको म्हणत होती. एवढी वर्षं तिने ते कुणालाच कळू दिलं नव्हतं. गौरम्मालाही नाही. तो धोतराच्या निऱ्या करून घेऊन बहिणीकडे जेवायला जायचा आणि ही दारात उभी राहायची.

तानूबाई पडवीत आली, स्वतः हात वर करून सुटकेस काढायला लागली. आत वजन होतं, तिला पेलेना. सुंदरक्का मदतीला पुढे झाली तर ती म्हणाली, "राहू दे." एकेक वीट बाहेर काढली, इस्त्री काढली, वरवंटा काढला, सगळं फरशीवर ओळीने ठेवलं. मग रिकामी सुटकेस दोन्ही हातांनी छातीशी धरून निघून गेली. ती सुटकेस पुढे कुठे गेली, माळ्यावर चढली की काय झालं, मी कधी विचारलं नाही.

मंगळवारी उरलेला दिवस सुंदरक्का आणि रामोजीअण्णा एकमेकांशी बोलले नाहीत. म्हणजे भांडण नव्हतं. तिने ताट वाढलं, तो जेवला. त्याने पाणी आणून ठेवलं, तिने घेतलं. संध्याकाळी मी वाटीभर सांडगे द्यायच्या निमित्ताने गेले तर ती म्हणाली, "बेळगावकरीण, आज काही बोलू नकोस. नुसती बस." मी बसले. आकडा रिकामा होता. मी त्या वठारात आल्यापासून तो रिकामा मी पहिल्यांदा पाहत होते.

बुधवार उजाडला. लग्न दुसऱ्या दिवशी. मामा म्हणून रामोजीअण्णाला जायचंच होतं, अंतरपाटाशी उभं राहायचं होतं. मामीचं काय? कोणी काही बोलवणं पाठवलं नव्हतं. सुंदरक्काने ट्रंकेतून हिरवी इरकल काढली, उन्हात टाकली, आणि दुपारी घडी करून परत ठेवून दिली. मी खिडकीतून सगळं बघत होते. तिने खोटं बोलून ती पेटी दिली असती तर? केसाएवढी तर रेघ होती. कदाचित गेलीही असती सोलापूरपर्यंत. असं माझ्या मनात आलं, आज कबूल करते.

चारच्या सुमाराला जटका वाजला.

तानूबाई आत आली. या वेळी जटकेवाल्याच्या डोक्यावर पत्र्याची नवी कोरी ट्रंक होती, हिरव्या रंगाची, झाकणावर गुलाब रंगवलेले. ती अंगणात थांबली नाही. पायरी चढली, पडवीत आली, ट्रंक फरशीवर ठेवायला लावली आणि जटकेवाल्याला "सरी, होगप्पा" म्हणून वाटेला लावलं. मग वहिनीकडे वळली.

"वहिनी, ही टांग."

सुंदरक्का बसल्या जागेवरून उठलीच नाही.

"आज आणली दुकानातून. दुकानदार म्हणतो हत्ती बसला तरी काही होणार नाही. माझा नाही विश्वास. शुक्रवारी सकाळपर्यंत टांगून ठेव. जाईल का नाही ते तू सांग. तू जाणार नाही म्हणालीस तर पोरगी गाठोडं घेऊन जाईल."

"वजन किती नेणार?" सुंदरक्काने बसूनच विचारलं.

"भांडी आहेत. बारा लुगडी. तुला माहीत असायला पाहिजे, मामी आहेस. उद्या सकाळी सातला यायचं आहे तुला, हे पण मीच सांगायचं का? अण्णाला काल सांगायचं सुचलं नाही वाटतं. त्याला काय सुचतं म्हणा." आणि वळून भावाला म्हणाली, "बघतोस काय? इस्त्री आण."

रामोजीअण्णा इस्त्री आणायला असा धावला की धोतरात पाय अडकून पडता पडता वाचला.

तोवर सुंदरक्का ट्रंकेपाशी गेली होती. बाजूची कडी हलवून बघितली. मग दुसरी. कपाळाला आठ्या. "कडी कच्ची आहे, वन्सं. रिबीट बारीक आहे. बदलते."

"बदल," तानूबाई म्हणाली आणि तिथेच पाटावर बसली. बदलून होईपर्यंत बसली. दोघी फारसं काही बोलल्या नाहीत. एकदा तानूबाईने हातोडी दिली, एकदा पाणी मागितलं.

लग्न झालं. मीही गेले होते. सुंदरक्का हिरवी इरकल नेसून मुलीच्या मागे उभी होती आणि अक्षता मंडपात कमी, स्वतःच्या पदरात जास्त पडत होत्या, एवढं तिचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. शुक्रवारी सकाळी तिने ट्रंक खाली घेतली, कड्या, बिजागऱ्या, कोयंडा, सगळं बोटांनी पाहिलं. दोनदा पाहिलं. तानूबाई समोर उभी. मग "आयतु" म्हणाली. आईबरोबर आलेली शांता, ती एकोणीस वर्षांची नवरी, मोठ्याने म्हणाली, "अयाई, सुटले एकदाची! मला वाटलं माझं लग्न मोडतंय का ट्रंकेसाठी," आणि सगळे हसले.

दुपारच्या गाडीने ती गेली. स्टेशनवर नेहमीचं सगळं झालं, रडणं, डबे, खिडकीतून हात. ते सांगत बसत नाही. त्यानंतर महिन्याभरात आमची हुबळीला बदली झाली. पुढे पत्रं आली-गेली, रामोजीअण्णा लिहायचा, खाली सुंदरक्काचा अंगठा. पण मला आठवते ती त्या शुक्रवारची, स्टेशनवरून परत येतानाची.

जटक्यात आम्ही तिघी. रामोजीअण्णा पुढे जटकेवाल्याशेजारी. मी मागच्या बाजूला पाय लोंबकळवून बसले होते, त्या दोघी आत गवतावर. सुंदरक्का पाच रात्री धड झोपली नव्हती. मार्केटाचं वळण येईपर्यंत तिची मान डुलायला लागली. एकदा सावरली, परत डुलली. मग ती सरळ तानूबाईच्या खांद्यावर पडली, तोंड उघडं, घोरणं चालू, हिरवी इरकल चुरगळलेली. मी तिला उठवायला हात पुढे केला. तानूबाईने माझा हात बाजूला केला. चाक एका खड्ड्यातून गेलं, तशी तिने एका हाताने वहिनीचं डोकं धरलं, आणि दुसऱ्या हाताने जटक्याची फळी वाजवून पुढे ओरडली,

"स्वल्प निधान, अण्णा. हळू घ्यायला सांग. झोपलीय ती."